हिरव्या दगडावरची बुरशी

११ मार्च १९९५, शनि.

दगड जमवणाऱ्यांच्या क्लबची यंदाची पहिली ट्रिप. बार्बराच्या गाडीतून गेले. वेस्ट विंडसरपासून मेरीलँडच्या सीमेपर्यंत ती अखंड बोलते. रिटायर्ड शाळामास्तरीण, नवरा वारला तेव्हापासून दगड गोळा करते. माझं काय निमित्त, ते तिने कधी विचारलं नाही. विचारलं तर सांगेन, माझा नवरा धडधाकट आहे, नोकरी वारली.

खदानीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर नुकताच सुरुंग लावलेला, सगळा ताजा माल. हिरवा सर्पेंटाइन, त्यातून मॅग्नेसाइटच्या पांढऱ्या शिरा, मधेच फुलकोबीसारखे गड्डे. ब्रुसाइट भरपूर, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. म्हातारे सगळे तिकडे तुटून पडले. मी पाणी झिरपत होतं त्या कोपऱ्यात बसले. बोटं गोठली. एका फटीत मुठीएवढा तुकडा मिळाला. सफरचंदी हिरवा, आरपार उजेड जाईल असा, आणि एका बाजूला बारीक केसांचे झुपके. पांढरे, पण किंचित गुलाबी.

आर्टिनाइट म्हणावं तर रंग चुकतो. स्टिक्टाइट म्हणावं तर तो असा केसाळ नसतो. बार्बराने भिंगातून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाली. तिच्या तोंडून इतकं कमी मी पहिल्यांदा ऐकलं.

१२ मार्च, रवि.

दगड आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात, टिश्यूवर. यशू म्हणाली, "मॉम, इट हॅज फर!" सात वर्षांच्या पोरीचं निरीक्षण बरोबर आहे. मिलिंदने टीव्हीवरून नजर न काढता "मस्त" म्हटलं.

त्याचा प्रोजेक्ट नॉर्थ कॅरोलिनाला जाणार असं चाललंय. ऑफिस मॉरिसव्हिलला, घरं कॅरीला. त्याच्या ग्रुपमधले निम्मे लोक आत्ताच तिकडची घरं बघून आले. मी काय, सामानाबरोबर. पासपोर्टवर एच-फोरचा शिक्का, म्हणजे बायको म्हणून राहा, काम करू नका. नागपूरची एम.एस्सी. जिऑलॉजी, मँगनीजच्या खाणींवर उन्हातान्हात केलेला सर्व्हे, सगळं त्या शिक्क्याखाली गाडलेलं.

२२ मार्च, बुध.

प्रो.कडे दगड नेला. त्यांच्या खनिजशास्त्राच्या वर्गात मी मागच्या बाकावर फुकट बसते, त्यांना चालतं. सुईच्या टोकाने चार-दोन केस काढून घेतले, एक्स-रेसाठी. इतकं हळू, की मीही श्वास रोखून धरला होता. "हे कुठून आणलंत?" दोनदा विचारलं.

५ एप्रिल, बुध.

एक्स-रेच्या रेषा कुठल्याच खनिजाशी जुळत नाहीत!

प्रो.नी फिल्म दिव्यासमोर धरली आणि एकेक रेषा दाखवली. आर्टिनाइट नाही, हायड्रोमॅग्नेसाइट नाही, स्टिक्टाइट नाही. जवळचं काहीतरी आहे, पण तेच नाही. "नवीन असू शकतं. असू शकतं, म्हणालो मी." रासायनिक तपासणी झाल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. त्याला आणखी बरेच केस लागतील आणि ते मशीन मेअखेरपर्यंत बुक आहे. तोपर्यंत दगड घरीच ठेवा म्हणाले, आमच्या लॅबमध्ये वस्तू हरवतात. कोरडा ठेवा, त्या बाजूला हात लावू नका.

मग जाता जाता: डिपार्टमेंटची कमिटी जूनमध्ये बसते. पीएच.डी.ची एक असिस्टंटशिप आहे. "तुमच्या युनिव्हर्सिटीचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नाही. पण नवं खनिज शोधलेली बाई त्यांना समजेल."

गाडी रूट वनवर कडेला घेतली आणि रडले. मग हसले. मग यशूला शाळेतून आणायला उशीर झाला.

८ एप्रिल, शनि.

मि.शी बोलणं झालं. असिस्टंटशिप मिळाली तर मी आणि यशू इथेच राहू, तो कॅरीला जाऊन शनिवार-रविवार येईल. "आधी मिळू तर दे यार," म्हणाला. पण नाही म्हणाला नाही. त्याच्यावर उगाच चिडते मी.

१५ एप्रिल, शनि.

बाबासाहेबांची जयंती काल, पण शुक्रवार म्हणून कार्यक्रम आज, एडिसनला हॉलमध्ये. जयभीम, जयभीम, मग ठरलेला प्रश्न: "ताई, तुम्ही सध्या काय करता?" घरीच असते म्हटलं. आज पहिल्यांदा ते म्हणताना लाज वाटली नाही. काहीतरी लपवून ठेवल्याची मजा होती.

२३ एप्रिल, रवि.

नागपूरहून आई आली. नेवार्कला पांढरी साडी, पायात यशूच्या बाबाचे जुने स्पोर्ट्स शूज, हातात पितळेची बुद्धमूर्ती. सामानात टाकायला तयार नव्हती, विमानात मांडीवर घेऊन बसली होती. अंग एवढंसं झालंय. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आया म्हणून जन्म काढला, दुसऱ्यांच्या पोरांचे वर्ग झाडले, आणि मला एकही दिवस शाळा बुडवू दिली नाही.

गाडीत बसल्या बसल्या: "तुही ड्यूटी किती वाजता राह्यते?" वस्तीत सगळ्यांना सांगून आलीये, पोरगी अमेरिकेत दगडाची डॉक्टर आहे म्हणून. आता हिला काय सांगू?

२६ एप्रिल, बुध.

सांगून टाकलं. नोकरी नाही, इतकी वर्षं घरीच आहे. आई पोळी लाटत राहिली. मग मी दगड काढून दाखवला. म्हटलं, आई, ह्याच्यात माझं सगळं आहे. हे नवीन निघालं तर मला परत शिकता येईल, मग खरी डॉक्टर. तिने हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी दगड घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा. "एवढुसाच?" म्हणाली. मग म्हणाली, "होईल वं. तुहं होईल."

३ मे, बुध.

बार्बराचा फोन. शनिवारची ट्रिप कॅन्सल. यापुढे सगळ्याच कॅन्सल. कंपनीचा इन्शुरन्सवाला हौशी लोकांना खदानीत येऊ देत नाही, आणि खालची पायरी तसंही सोडून देणार, पंप बंद करणार म्हणे. म्हणजे माझा तुकडा हा एकच. प्रो.ना कळवलं. "मग जपा," एवढंच म्हणाले.

१३ मे, शनि.

उद्या बुद्धपौर्णिमा आमच्या घरी. चार कुटुंबं येणार. आईने घराचा ताबा घेतलाय. कार्पेट झाडूने झाडलं, व्हॅक्यूम क्लीनरवर तिचा विश्वास नाही. नळावरचे पांढरे डाग घासून काढले. मी खिरीचं दूध, तांदूळ, फुलं आणायला दिवसभर बाहेर. यशूचं ब्लाउज अल्टर. दमले.

१४ मे, रवि.

लिहू की नको. लिहिते.

अकराला लोक आले. हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर, बाबासाहेबांचा फोटो, मूर्ती, मेणबत्त्या, मोगरा नाही म्हणून कार्नेशन्स. आणि मूर्तीच्या पायाशी माझा दगड. हिरवागार. चकाचक. तेल लावल्यासारखा.

मला आधी कळलंच नाही की तो माझा आहे.

गजभिये काकू म्हणाल्या, "अय्या, जेड आहे का हे? किती सुंदर!" आई म्हणाली, "माह्या पोरीनं शोधला. तिचं नाव होणार आहे याच्यानं. म्हणून म्हटलं आज बुद्धाच्या म्होरं ठेवाव." मग माझ्याकडे वळून, लाडात: "बुरशी लागली होती वं त्याले. मूर्तीसंगं चिंच-मिठानं घासला, नारळाच्या शेंडीनं. कसा फेस निघाला! दोनदा घासला तेव्हा कुठं निघाली."

वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना माझा आवाज बाकीच्यांत मिसळत होता आणि मी दगडाकडे बघत होते. फेस निघाला. कार्बोनेट होतं म्हणजे. एवढं एक कळलं त्याच्याबद्दल.

बाथरूममध्ये नळ सोडून तोंडात टॉवेल कोंबला. मला आईचा राग आला. एवढा राग मला आजवर कुणाचा आलेला नाही, आणि तो ठेवायला जागा नव्हती, कारण ती बाहेर लोकांना खीर वाढत होती आणि आनंदात होती. मग मीही जाऊन वाढायला लागले.

१५ मे, सोम.

भिंगातून बघितला. एक केस नाही. शेंडीने फटींतून सुद्धा कोरलंय, आई काम अर्धवट करत नाही. सिंकची जाळी उघडली, कचऱ्याच्या पिशवीतून ती शेंडी शोधून काढली, चाळली. मिठाचे खडे आणि चिंचेचे दोरे. ते दोरे दिसले तेव्हा क्षणभर वाटलं की हेच ते. किती मूर्ख.

मि.ला रात्रीच सांगितलं होतं. तो पलंगावर उठून बसला. "अगं पण डब्यात होता ना?" होता. "मग तिला सांगितलं नव्हतंस, हात लावू नको?" सांगितलं होतं की हा लाखमोलाचा आहे. तेवढ्यामुळेच तर तिने काढला. आमच्या घरात लाखमोलाची वस्तू घासूनपुसून समोर मांडतात, डब्यात कोण ठेवतं.

आईला सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, त्याने मान हलवली.

१७ मे, बुध.

प्रो.कडे. टॅमरिंड म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं. आंबट शेंग, टार्टारिक ॲसिड. "ॲसिड," ते म्हणाले. "आणि मीठ. आणि ब्रश." मग चष्मा पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी काढलेले केस? ते कुटून काचेवर चिकटवलेले. त्यातून रासायनिक तपासणी होणार नाही, पुरत नाही. "माझ्याकडे काही रेषा असलेली एक फिल्म आहे, बाकी काही नाही. अशा फिल्म्सने एक ड्रॉवर भरलाय." त्या ड्रॉवरकडे मला बघवेना. नवीन माल मिळाला तर बघू म्हणाले. कमिटी ८ जूनला.

घरी आले तर आईने दगड टीव्हीवर ठेवलेला, खाली क्रोशाचा रुमाल.

२० मे, शनि.

बार्बराला सगळं सांगितलं. ती म्हणाली चल. परवानगी नसताना गेलो.

गेटवर फोरमन. भला माणूस, आम्हाला ओळखतो. आत सोडता येणार नाही, पण कडेपर्यंत नेतो म्हणाला. हेल्मेट घालायला लावलं. कडेवरून खाली बघितलं तर खालची पायरी नाहीच. पाणी. दुधाळ हिरवं, शांत, अगदी पोस्टकार्डावर छापावं असं. पंप बंद होऊन दोन आठवडे झाले. मी विचारलं, तो कोपरा, पाणी झिरपायचं तो? तो म्हणाला, तो तर आधीच उडवला आम्ही, एप्रिलमध्ये. माल क्रशरला गेला. कुठल्या तरी काउंटी रोडच्या बुडाशी असेल आता.

म्हणजे मी ज्याच्यासाठी रडत होते ते तसंही गेलेलंच होतं. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं का? उलट. म्हणजे जगात तो एकच तुकडा वाचला होता आणि तो माझ्या घरात होता.

गेटबाहेर खडीचा ढीग होता. त्यात शोधा म्हणाला, ढीग रस्त्यावर आहे, मी काही बघितलं नाही असं समजा. बार्बरा आणि मी संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर. मॅग्नेसाइट, ब्रुसाइट, क्रोमाइटचे काळे दाणे, डिंकासारखा पिवळा डेवेलाइट. सगळं होतं. क्रशरमधून आलेल्या खडीवर केस शोधणं म्हणजे गिरणीतून आलेल्या पिठात अख्खा गहू शोधणं. मला हे माहीत होतं. बार्बरालाही माहीत होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी उठली नाही.

२७ मे, शनि.

परत गेले. एकटी. गेटवर दुसराच माणूस, त्याने हाकललं. सर्पेंटाइनच्या त्या माळावर गाडी लावून बसले. तिथे धड झाड वाढत नाही, जमीनच तशी, मॅग्नेशियम फार. खुरटे पाइन आणि काटे. माझ्या मनाला अगदी शोभेल अशी जागा, असं म्हणून स्वतःवरच हसायला गेले, पण हसू काही आलं नाही नीट.

२ जून, शुक्र.

व्हायचं ते झालं. जेवताना यशूचं आणि आजीचं भेंडीवरून भांडण. यशू चिडून ओरडली, "यू रूइंड मॉम्स रॉक! डॅड सेड सो!"

मि. ताटात बघत राहिला. त्याने यशूला सांगितलं नव्हतं, फोनवर मित्राशी बोलला होता आणि पोरीचे कान.

आईने मला विचारलं, "काय म्हणून राहिली ते?" मी म्हटलं, काही नाही, भेंडी नको म्हणते. आईने टीव्हीवरच्या दगडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग यशूच्या ताटातली भेंडी स्वतःच्या ताटात घेतली.

५ जून, सोम.

आई कशालाच हात लावत नाही आता. चहा झाला की विचारते, "हा कप धुऊ का?" कपड्यांच्या घड्या घालायच्या आधी विचारते. पितळेची मूर्ती काळवंडली तरी तशीच. दिवसभर सोफ्याच्या कडेला बसून असते, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. मी म्हटलं, आई, असं काय करतेस? "तुह्या घरातलं मले समजत नाही ना बाई." आवाजात राग नाही. राग असता तर मी भांडले असते, सगळं बाहेर पडलं असतं आणि संपलं असतं.

तिला कळलंय. तिला कळलंय हे मला कळलंय. आणि दोघी भाजी काय करायची ते बोलतो.

९ जून, शुक्र.

प्रो.चा फोन. असिस्टंटशिप दुसऱ्याला. ओहायोचा मुलगा, हुशार आहे म्हणाले. माझी फिल्म त्यांनी दाखवली होती कमिटीला. एकाने विचारलं, सँपल कुठे आहे? "मी म्हणालो, धुतलं गेलं." त्यावर खोलीत कुणीतरी हसलं असणार. ते बोलले नाहीत, पण लगेच विषय बदलला त्यावरून कळलं.

थँक यू म्हटलं. खरंच म्हटलं. त्या माणसाने मला मागच्या बाकावरून उठवून पुढे आणलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी मि. म्हणाला, कॅरीचं कन्फर्म झालं, ऑगस्ट. "नेक्स्ट इयर तिकडच्या युनिव्हर्सिटीत बघू ना, तिकडेही दगड असतीलच." चांगल्या मनाने म्हणाला. मी भांडी आपटली.

मी आता छत्तीसची. पुढच्या वर्षी सदतीस आणि हातात तीच डिग्री, आणखी एका वर्षाची धूळ बसलेली. होणार नाही काही. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे परत परत आशेला लागायला नको.

१६ जून, शुक्र.

आईचं परतीचं तिकीट पुढच्या शनिवारचं. आज बॅग भरता भरता म्हणाली, "तो दगड मी घेऊन जाऊ का वं?" कशाला? "विहारात ठेवीन. लेकीनं शोधला म्हून." मी हो म्हटलं. काय करायचाय मला. टीव्हीवरून उचलून तिला द्यायला गेले, आणि सवयीने, काही कारण नसताना, खिशातलं भिंग लावलं.

कडेला एक चीर आहे. केसाएवढी, आत गेलेली. शेंडी पोचणार नाही इतकी बारीक. त्यात आत, खोल, काहीतरी फिकट. गुलाबी? की चिंचेचा डाग? की माझे डोळे?

दिला नाही तिला. उद्या देते म्हटलं.

१८ जून, रवि.

प्रो.ना फोन केला नाही. उन्हाळ्यात ते फील्डवर जातात, बहुतेक निघालेही असतील. आणि सांगू काय, एका चिरेत मला काहीतरी दिसल्यासारखं वाटतं? कमिटी झाली. जागा गेली. आम्ही चाललो कॅरीला. आत ते असलं तरी आता त्याने काही बदलणार नाही. आणि बघायचं तर दगड फोडावा लागणार. तो आता आईचा आहे. तिने नागपूरला फोन करून सांगितलंय, धाकट्या मामीला, विहारातल्या भन्तेजींना, सगळ्यांना. अख्खा, हिरवा, चमकणारा दगड येतोय म्हणून.

२१ जून, बुध.

रोज उचलते, भिंग लावते, ठेवते. मि. म्हणतो, वेड लागेल तुला. लागलेलं आहे.

२३ जून, शुक्र.

दुपारी घरी आम्ही दोघीच. आई मागच्या दारी पायरीवर बसली होती. मला हाक मारली. गेले तर पुढ्यात जुना पेपर अंथरलेला, त्यावर दगड, शेजारी माझा हातोडा आणि छिन्नी. गराजमधून कधी आणलं कुणास ठाऊक.

"फोड," म्हणाली.

मी म्हटलं, आई, विहारात ठेवणार होतीस ना तू. "तुकडे ठेवीन. तू रोज त्याच्यात काय पाह्यतं ते मले दिसत नाही का? फोड म्हणते ना मी." मग पेपरची कड सरळ करत: "मीच तं घासला." एवढंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिचा हात धरला. तिचा हात चिंचेने नाही, वयाने खरबरीत झालाय. माझा राग गेला असं लिहिणार नाही, कारण गेलेला नाही. पण रागाबरोबर प्रेमही होतं, आणि ते जास्त होतं.

तिने दोन्ही हातांनी दगड धरला. मी म्हटलं बोटं काढ. काढली नाहीत, जरा बाजूला घेतली फक्त. चिरेवर छिन्नी लावून हलकेच हातोडा मारला. दुसऱ्या घावाला सरळ दोन फाकी झाल्या.

आतल्या तोंडावर, चीर संपते तिथे, नखाएवढा फिकट पट्टा. भिंग लावलं. पांढरट. काही केसांसारखं, काही नुसतं पिठासारखं. एका ठिकाणी गुलाबीसर, की तपकिरी, की नुसती उन्हाची झाक. तिथवर चिंचेचं पाणी पोचलं असेल. नसेलही. भिंग पुसलं, परत लावलं. मी बघत राहिले आणि मला काहीही सांगता येईना. आयुष्यभर दगड ओळखले आणि हा एक ओळखता येईना.

"हाय का?" आई म्हणाली. "हाय का वं त्याच्यात?"

मी भिंग तिला दिलं. तिने ते डोळ्यापासून लांब, पोथी वाचतात तसं धरलं. फाक उन्हात केली. बराच वेळ बघितलं, ओठ आवळून.

"मले तं दिसून राह्यलं," म्हणाली.

उद्या संध्याकाळची फ्लाइट. एक फाक तिने साडीच्या घडीत ठेवली. दुसरी फाक मी परत आइसक्रीमच्या डब्यात ठेवली आहे, टिश्यूवर. सोमवारी प्रो.ना फोन करायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.